काटा, ठणका आणि अवधाण

बाभळीचा काटा पायात मोडला की तो काढायची आमच्याकडे ठरलेली पद्धत होती. आजी उन्हात पायरीवर बसवायची, पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायची, सुईचं टोक दिव्यावर धरायची आणि टाचेची कातडी हलक्या हातानं उकरत काट्यापर्यंत पोचायची. पुष्कळदा काटा पुरता निघायचा नाही, टोक आत राहायचं. मग रात्री ठणका. सकाळी टाच लाल, गरम, टम्म. पाय टेकवायची सोय नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भलतंच व्हायचं. काटा टाचेत, पण दुखायला लागायची जांघ. तिथं सुपारीएवढी गाठ हाताला लागायची. आजी चाचपून बघायची आणि म्हणायची, "अवधाण आलंय. जाईल दोन दिवसांत."

मला तेव्हा वाटायचं, काट्याचं विष पायातून चढत चढत वर आलं. आजी काट्याच्या जागी बिब्ब्याचा चटका द्यायची. बिब्ब्याकडे आपल्याला पुढं यायचंच आहे. आधी या गाठीचं बघू, कारण माणसाचं शरीर रोगाला कसं तोंड देतं याची निम्मी गोष्ट त्या गाठीत आहे.

त्याआधी एका शब्दाबद्दल थोडी कुरकुर. 'प्रतिकारशक्ती' हा शब्द सोयीचा खरा, पण त्यातल्या 'शक्ती'नं बराच घोटाळा केला आहे. शक्ती म्हटली की ती कमी किंवा जास्त असणार, कमी असली तर वाढवायची आणि वाढवायची म्हटलं की काढ्यापासून कॅप्सूलपर्यंत बाजार मांडलेलाच. रोगाशी झुंजायला बळ लागतं, पण बळ ही त्यातली सोपी बाजू. अवघड आहे ते आपलं कोण, परकं कोण हे ओळखणं, आणि काम झाल्यावर थांबणं.

तर काटा. तळपायाची कातडी अंगावरच्या कुठल्याही कातडीपेक्षा जाड. एरवी तिच्यावर लाखो जंतू सुखानं नांदतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. काटा त्या भिंतीला भोक पाडतो आणि टोकावरची माती, जंतू थेट आतल्या ओल्या, उबदार मांसात नेऊन सोडतो. जंतूंना याहून चांगली जागा कुठली? काही जंतू सगळं मनासारखं मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. या हिशेबानं रात्री दहाला एक असेल तर सकाळी आठला १०० कोटींच्या वर जायला हवेत. ते जात नाहीत, कारण तिथं आधीपासून कोणीतरी बसलेलं असतं.

कातडीखाली मोठ्या भक्षक पेशी मुक्कामालाच असतात. त्यांना जंतूचं नाव-गाव कळत नाही. त्यांच्या अंगावरच्या ग्राहकांना काही ठोकळ खुणा तेवढ्या कळतात. जंतूंच्या भिंतीत सापडणारी काही द्रव्यं, त्यांच्या शेपटीतलं प्रथिन, असं काहीतरी, जे माणसाच्या पेशीत कधीच नसतं. तेवढं दिसलं तरी पुरे. पेशी समोरचं गिळायला लागते आणि त्याच वेळी आजूबाजूला रासायनिक हाकाटी करते. त्या हाकाटीनं जवळच्या केशवाहिन्या रुंदावतात, म्हणून टाच लाल आणि गरम. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन रक्तातला द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज. त्याच रसायनांनी मज्जातंतू हळवे होतात, म्हणून ठणका. लाली, सूज, उष्णता, वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससनं दोन हजार वर्षांपूर्वी एकत्र नोंदवून ठेवली होती. यातलं जवळजवळ काहीही जंतू करत नाही. हा सगळा घरचा उद्योग आहे. तापाचंही तसंच. मेंदूतला तापमानाचा काटा शरीर स्वतःच वर सरकवतं, आणि अंग त्या नव्या आकड्यापर्यंत तापावं म्हणून हुडहुडी भरते.

हाकाटी ऐकून रक्तातून पहिल्यांदा येतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशींच्या यादीत हे नाव बहुधा सर्वांत वर असतं, त्यापुढं ५५ किंवा ६५ टक्के असा आकडा. अस्थिमज्जा त्या रोज सुमारे १०० अब्ज तयार करते, कारण त्यांचं आयुष्य फार थोडं. केशवाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून अंग चोरून त्या बाहेर पडतात, जंतू गिळतात, त्यांच्यावर विषारी रसायनं ओततात. काही जणी मरता मरता स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जंतू त्यात अडकतात. हे जाळं २००४ मध्ये लक्षात आलं. तोवर मरणारी पेशी म्हणजे निव्वळ कचरा, अशीच समजूत होती. आपण ज्याला पू म्हणतो आणि नाक मुरडतो, तो मुख्यतः या मेलेल्या पेशींचा ढीग. त्याचा हिरवट रंगही त्यांच्याच पोटातल्या एका विकराचा.

पेशी परक्या वस्तूभोवती जमून तिला गिळतात, हे ज्या माणसानं ओळखलं त्यानंही काटाच वापरला होता. इल्या मेच्निकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेस्सिना गावी राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतल्या माकडांचे खेळ बघायला गेली आणि हा एकटाच सूक्ष्मदर्शकाशी बसून राहिला. समोर होत्या तारामाशाच्या अळ्या. काचेसारख्या पारदर्शक, त्यामुळे आत काय हलतंय ते जिवंतपणीच दिसायचं. त्याच्या मनात आलं, या अळीत काही टोचलं तर तिच्या फिरत्या पेशी त्याच्याभोवती गोळा होतील का? बागेतून गुलाबाचे काटे आणून त्यानं ते अळ्यांत खुपसले. रात्रभर झोप नाही. पहाटे पाहिलं तर काट्याभोवती पेशींची दाटी झालेली. अळीला रक्तवाहिन्याही नाहीत, तरी हे होतं, म्हणजे ही रीत फारच जुनी असली पाहिजे. या कामासाठी त्याला १९०८ चं नोबेल मिळालं, पॉल एर्लिख यांच्यासोबत विभागून.

मेच्निकॉव्हचा ओडेसातला एक विद्यार्थी होता वाल्डेमार हाफकिन. तोही गुरूच्या पाठोपाठ पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला, तिथं सुरुवातीला त्याला ग्रंथालयातलं काम मिळालं. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्याच्यावर लस शोधायचं काम आलं, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं आपली लस पहिल्यांदा स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. हा प्लेग मराठीत 'गाठीचा प्लेग' म्हणून ओळखला जायचा आणि गाठ बहुधा यायची जांघेत. पिसू चावायची पायाला, गाठ जांघेत. अवधाणाचीच जागा. फरक इतकाच की प्लेगचा जंतू भक्षक पेशीत शिरून जिवंत राहतो आणि ज्या गाठीत त्याचा निकाल लागायचा, तिथंच ठाण मांडतो.

ही गाठ काय असते ते आता बघू. टाचेत झिरपलेला द्रव परत रक्तात जायला हवा. त्यासाठी लसीकावाहिन्यांचं वेगळं जाळं आहे. त्यांना हृदयासारखा पंप नाही. स्नायूंच्या हालचालीनं द्रव पुढं ढकलला जातो आणि आतल्या झडपा त्याला मागं येऊ देत नाहीत. वाटेत ठिकठिकाणी गाठी: जांघेत, काखेत, मानेत, पोटात, सगळ्या मिळून काही शेकडे. पायाकडून येणाऱ्या द्रवाला जांघेतून गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

टाचेत आणखी एक पेशी असते, फांद्या फुटल्यासारखी दिसणारी. तिला डेंड्रायटिक पेशी म्हणतात. तीही जंतू गिळते, पण त्याला संपवण्यासाठी नव्हे. त्याचे तुकडे करून ते स्वतःच्या अंगावर मांडते आणि मुद्देमालासह जांघेतल्या गाठीकडे निघते. वाटेत साधारण एक दिवस जातो. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये ही पेशी शोधली तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २०११ मध्ये नोबेल जाहीर झालं, पण त्याआधी तीनच दिवस कर्करोगानं त्यांचा मृत्यू झाला होता. समितीला हे ठाऊक नव्हतं. नंतर विचार करून पुरस्कार कायम ठेवला गेला.

गाठीत बसलेल्या असतात टी आणि बी पेशी. इथं प्रकार पार बदलतो. टाचेतल्या भक्षक पेशी ठोकळ खुणांवर चालायच्या. या पेशी मात्र अतिशय नेमक्या. प्रत्येकीच्या अंगावर एकाच आकाराचं कुलूप आणि तिला दुसरी किल्ली चालत नाही. जगातल्या यच्चयावत जंतूंसाठी अशी कुलपं तयार हवीत, अजून जन्माला न आलेल्या जंतूंसाठीसुद्धा. माणसाकडे जनुकं सुमारे २० हजार. मग कोट्यवधी आकारांची कुलपं आणायची कुठून? उत्तर सुसुमु तोनेगावा यांनी दिलं आणि १९८७ चं नोबेल मिळवलं. बी पेशी तयार होताना ती या कामाच्या जनुकाचे तुकडे कापून पत्त्यांसारखे पिसते, आणि जो डाव हाती येईल त्यावरून आपलं कुलूप घडवते. टी पेशीही हेच करतात. म्हणजे शरीर शत्रूचा अभ्यास करून हत्यार बनवत नाही. वाटेल ती हत्यारं आधीच बनवून ठेवतं आणि वाट बघत बसतं. मला या सगळ्या विषयात सर्वांत चकित करणारी गोष्ट हीच वाटते.

पत्ते पिसून कुलपं केली तर त्यातली काही आपल्याच शरीराला बसणार, हे उघड आहे. म्हणून टी पेशींना आधी छातीच्या हाडामागे थायमस नावाच्या ग्रंथीत पाठवतात. तिथं त्यांना शरीरातली प्रथिनं दाखवली जातात. जिला काहीच ओळखू येत नाही ती निकामी, जी आपल्याच प्रथिनाला कडकडून धरते ती धोक्याची. दोघींनाही मरावं लागतं. शंभरातल्या जेमतेम दोन-चार जिवंत बाहेर पडतात. एवढी कडक परीक्षा कुठल्या आयोगाचीही नसेल. ही ग्रंथी लहानपणी भरदार असते, वयात आल्यावर आक्रसत जाते. १९६१ मध्ये जाक मिलर यांनी तिचं काम दाखवून देईपर्यंत ती बिनकामाची समजली जायची.

या चाळणीतून उतरलेल्या टी पेशी एका गाठीतून दुसऱ्या गाठीत हिंडत असतात. मुद्देमाल घेऊन आलेल्या पेशीपाशी येतात, तुकडा जुळतो का बघतात, नाही जुळला की पुढच्या गाठीला. लाखात एखादीचं कुलूप जुळतं. ती थबकते. गाठ बाहेरचा रस्ता काही काळ आवळून धरते, म्हणजे जुळण्याजोग्या आणखी पेशी निसटू नयेत. जुळलेली पेशी दुणावत जाते, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि आठवडाभरात एकीच्या हजारो होतात. गाठ फुगते ती यामुळे. तिथं विष चढत नव्हतं, भरती चालली होती. मराठीत 'अवधान' म्हणजे लक्ष आणि 'अवधाण' म्हणजे ही गाठ. या दोन शब्दांचं मुळात काही नातं असेल-नसेल, पण न आणि ण मधला हा योगायोग मला भारी आवडतो.

बी पेशींची भरतीही इथंच. त्यांच्यातल्या काही प्रतिपिंडं बनवायच्या गिरण्या होतात. एकेक पेशी सेकंदाला हजारांच्या हिशेबात प्रतिपिंडं रक्तात सोडते. ती जंतूला चिकटतात, आणि मग त्याला भक्षक पेशींच्या तोंडी देणं सोपं जातं. काम संपलं की भरती झालेल्या बहुतेक पेशी मरतात. थोड्या राहतात, आणि काही तर अस्थिमज्जेत पुढची कित्येक दशकं. हीच आठवण.

ती किती टिकते? अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १७८१ मध्ये गोवर येऊन गेला होता. नंतर ६५ वर्षं त्याचा मागमूस नाही. १८४६ मध्ये तो परत आला आणि जवळपास ७,८०० वस्तीपैकी सुमारे ६,००० जण अंथरुणाला खिळले. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर बेटांवर घरोघर फिरला. त्याच्या ध्यानात आलं की १७८१ मध्ये लहानपणी गोवर आलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकही आजारी नाही. त्यांच्याच वयाचे, पण तेव्हा सुटलेले, ते मात्र आता सापडले. मधल्या ६५ वर्षांत उजळणीची संधी नव्हती, तरी शरीर विसरलं नव्हतं. हाच गोवर इतर रोगांच्या आठवणी मात्र पुसून टाकतो, असं २०१९ च्या संशोधनात दिसलं. गोवर होऊन गेलेल्या मुलाला आधी परिचयाचे झालेले जंतू पुन्हा नव्यानं ओळखावे लागतात.

आणि कधी कधी आठवण असूनही जंतू जात नाही. लहानपणी कांजिण्या येतात, खपल्या पडतात, आपण विसरतो. विषाणू मात्र कण्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठीत गुपचूप बसलेला असतो. टी पेशी त्याच्यावर पहारा ठेवून असतात. साठी-सत्तरीत पहारा ढिला पडतो, आणि तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर उतरतो. हीच नागीण. कमरेला किंवा छातीला अर्धाच पट्टा, पाण्यानं भरलेल्या फोडांचा, आणि आग अशी की सदरा सोसत नाही. नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस दगावतो, ही भीती आपल्याकडे घराघरात. ती सहसा मिळत नाहीत, कारण तो मज्जातंतू अंगाच्या एकाच बाजूचा असतो आणि मध्यरेषेपाशी त्याची हद्द संपते. नागीण कुठून येते हे कळलं नव्हतं, तरी तिचा आकार लोकांनी नेमका टिपला होता.

आता बिब्बा. त्याचं तेल मुळात दाहक, पण काही जणांना ते नुसतं लागायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी अंगभर फोड. 'बिब्बा उतला' म्हणतात तो हा. तेलातलं द्रव्य अगदी छोटं असतं, एकट्यानं असतं तर टी पेशींच्या नजरेतही भरलं नसतं. पण ते कातडीतल्या आपल्याच प्रथिनांना चिकटतं आणि त्यांचं रूप पालटतं. टी पेशी येते, बघते, आणि घरच्याच माणसाला चोर समजून झोडपते. पहिल्यांदा लागलं तेव्हा फारसं काही होत नाही, कारण तेव्हा नुसती ओळख होते. पुढच्या वेळी रट्टा. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर अशाच फोडांची साथ आली होती. कारण निघालं धोब्याची खूण. कपडे ओळखू यावेत म्हणून परीट कॉलरवर बिब्ब्याच्या रसानं खूण करायचे, कारण ती धुऊन जात नाही. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, म्हणून आंब्याचा चीक ओठाला लागून फोड येणाऱ्यांनी बिब्ब्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

बिब्ब्यात जंतू कुठेच नाही, सगळं नुकसान आपल्याच 'शक्ती'नं केलेलं. ज्या मधुमेहात मुलांना लहानपणापासून इन्सुलिन टोचावं लागतं, त्यात टी पेशी स्वादुपिंडातल्या पेशी मारत सुटतात. थायमसमधून निसटलेल्या अशा पेशींना आवर घालायला शरीरात वेगळ्या टी पेशी आहेत. त्यांचं काम फक्त थांबवण्याचं. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चं नोबेल त्यांना मिळालं.

करोनाच्या पहिल्या वर्षी घरोघर काढे उकळत होते, 'इम्युनिटी' वाढवण्यासाठी. आणि जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून मृत्यू कमी करणारं जे औषध हाती लागलं ते होतं डेक्सामेथासोन, स्वस्तातलं जुनं स्टेरॉइड. त्याचं काम प्रतिकार दाबण्याचं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांशानं घटले, कारण त्या टप्प्यावर फुप्फुसांची नासधूस विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचा आटापिटा जास्त करत होता. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता, त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, रक्तातली साखर वाढलेल्या रुग्णांना स्टेरॉइडं सढळ हातानं गेली, आणि महाराष्ट्रातल्या वॉर्डांतून काळ्या बुरशीचे रोगी दिसू लागले. ही बुरशी एरवी हवेत, मातीत सगळीकडेच असते आणि आपण तिला रोज हुंगतो.

पुन्हा टाचेकडे. काटा काढून झाल्यावर डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात, "धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतंत?" धनुर्वाताचा जंतू मातीत असतो आणि खोल, हवा न पोचणाऱ्या जखमेत वाढतो. त्याचं विष इतकं जहाल की ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून कमी मात्रेत माणूस मरतो. एवढ्याशा विषाकडे टी आणि बी पेशींचं लक्षच जात नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही त्याची आठवण राहत नाही. रोग त्याला पुन्हा होऊ शकतो. गोवरानं ६५ वर्षांची आठवण दिली, धनुर्वात एका दिवसाचीही देत नाही. ती बाहेरूनच द्यावी लागते. विषाची नांगी मोडून त्याचाच साचा दंडात टोचायचा, पेशींना ठळक दिसेल एवढ्या मात्रेत.

दुसऱ्या दिवशी दंड दुखतो, टोचल्या जागी थोडी सूज, थोडी लाली. अंग जरा मोडून आल्यासारखं. आणि कधी कधी काखेत हात घालून पाहिलं तर बोटाला लागते, बारीक, दाबली की दुखणारी गाठ.